घरातली मुलगी की कपाटातलं भूत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख झाकून:

"आम्ही मूळचे पुण्याचे. अकरा वर्षांपासून टोकियोत, निशिकासाइ भागात राहतो. मुलगी चौदा वर्षांची आहे, इथल्या सरकारी शाळेत आठवीत शिकते. तिचं जपानी तिच्या मराठीपेक्षा पक्कं आहे. यंदाच्या बुनकासाइसाठी, म्हणजे आपल्या स्नेहसंमेलनासारख्या शालेय उत्सवासाठी, तिचा वर्ग वीस मिनिटांचा भयपट करतोय. आई-बाबा आणि दोन मुली जुन्या घरात राहायला येतात आणि भिंतीतल्या कपाटात भूत असतं, अशी गोष्ट. माझ्या मुलीला धाकट्या बहिणीचं काम हवं होतं, तिने संवादही पाठ केले होते. मुलांनी सांगितलं, 'तू त्या घरातली वाटणार नाहीस,' आणि तिला भूत दिलं. तेही तिच्या कुरळ्या केसांवर सरळ काळ्या केसांचा विग चढवून, तोंड झाकून. मला हे फार लागलं. नवरा म्हणतो, बोलू नकोस, आपल्याला 'मॉन्स्टर पॅरेंट', म्हणजे शाळेशी सतत भांडणारे पालक, ठरवतील. मुलीला विचारलं की ती 'बेत्सुनी' म्हणते, काही नाही गं, आणि खोलीत जाते. मी शाळेत जाऊन जाब विचारू का? की तिला यातून काढूनच घेऊ? आणि विग नीट बसावा म्हणून ती आता केस चापून बांधायला सांगते, ते बांधून देऊ का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं भूत मला तेवढं खटकलं नाही, जेवढा तो विग खटकला. धाकट्या बहिणीसाठी तिचा चेहरा चालला नाही, आणि जे काम मिळालं त्यात चेहरा दिसणारच नाही. तुम्ही प्रेक्षकांत बसाल, तिची चाल, तिची बोटं ओळखाल. बाकी कुणाला ती कोण हे कळायचं कारण नाही. तुम्हाला लागलं ते हेच असावं, आणि ते लागायलाच हवं होतं. "एवढं काय त्यात, शाळेतलं नाटक आहे," असं मी म्हणणार नाही. चौदाव्या वर्षी "तू या घरातली वाटत नाहीस" हे वाक्य नाटकापुरतं राहत नाही.

पण शाळेची पायरी चढण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका समजुतीपाशी थांबू या. भूत म्हणजे उरलंसुरलं काम, असं तुम्ही धरून चालला आहात. जपानी भयपटाच्या परंपरेत ते तसं नाही. 1825 साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, त्सुरुया नानबोकूचं 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक रंगमंचावर आलं. त्यातल्या ओइवाचा नवरा शेजारच्या घराला आपल्या नातीसाठी हवा असतो, म्हणून तिथून औषधाच्या नावाखाली विष येतं. तिचा चेहरा विद्रूप होतो. ती केस विंचरायला बसते आणि पुंजकेच्या पुंजके हातात येतात. मरून ती परत येते. आज दोनशे वर्षांनीही हे नाटक किंवा त्यावरचा चित्रपट करायला घेताना कलाकार ओइवाच्या नावाच्या देवळात जाऊन हात जोडून येतात. नाटक तिचं आहे, तिच्या नवऱ्याचं नाही.

अशा भुताला जपानीत ओनर्यो म्हणतात. अन्याय सोसून मेलेलं, हिशेब बाकी राहिलेलं. आपल्याकडे मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते. आयुष्य अर्ध्यावर तुटलेली माणसं. ओनर्योच्या कथांत त्या तुटण्याला बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी जबाबदार असतं. ताकाशी शिमिझूच्या 'जु-ऑन' या चित्रपटात (2002) नवरा संशयावरून बायकोला, कायाकोला, मारून टाकतो. लहानगा तोशिओही त्यात जातो. घर मात्र उभं राहतं आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला गिळत जातं. जपानमध्ये जोडीदाराच्या हिंसेविरुद्धचा कायदा 2001 साली आला. त्याच सुमारास हे घर पडद्यावर आलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एक चित्रपट तुम्ही दोघींनी मिळून पाहावा असं मला वाटतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. हिदेओ नाकाताचा 2002 चा, जगात 'डार्क वॉटर' नावाने ओळखला गेलेला. योशिमी नावाची बाई घटस्फोटाच्या फेऱ्यात आहे. त्या वेळच्या जपानी कायद्यात घटस्फोटानंतर मुलाचं पालकत्व आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडेच जाई. त्यामुळे छोटी इकुको कुणाकडे राहणार, हा तिच्या जिवाचा प्रश्न आहे. नवऱ्याकडून तिच्या जुन्या मानसिक आजाराची उकरून चौकशी होते. नोकरी नाही, पैसे नाहीत, म्हणून ती मुलीला घेऊन एका कळकट इमारतीत राहायला येते. छतावर ओल धरते, डाग वाढत जातो, टाकून दिलेली लाल पिशवी पुन्हा पुन्हा परत येते. हळूहळू कळतं की वरच्या मजल्यावर मित्सुको नावाची मुलगी राहायची. तिला घ्यायला कुणी आलंच नाही, आणि ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून गेली.

आता यात भूत कुणाला घाबरवायला येतं? मित्सुकोला आई हवी आहे, बस. योशिमीसुद्धा लहानपणी बालवाडीच्या दारात आईची वाट पाहत बसलेली मुलगी होती. स्वतः कधीकाळी विसरली गेलेली, आता आई झालेली ही बाई दुसऱ्या विसरलेल्या मुलीसमोर उभी राहते, तो प्रसंग मी सांगत नाही, तुम्ही पाहाच. जपानीत 'मुएनबोतोके' असा शब्द आहे, ज्याच्यामागे विचारणारं कुणी उरलं नाही असा मृत. आपण सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्याही नावाने पान वाढतो. मित्सुको तशी आहे. दिवसा बघा, दिवे लावून बघा, आणि मध्येच थांबवावंसं वाटलं तर थांबवा. संपल्यावर मुलीला एवढंच विचारा, की या गोष्टीत घरातली कोण होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: घराचं माणूस कुणाला म्हणायचं, हाच या सगळ्या चित्रपटांचा विषय आहे. वर्गातल्या मुलांनी "तू त्या घरातली वाटणार नाहीस" म्हणून नकळत त्याच विषयावर बोट ठेवलं आणि मग तो सोडून दिला. तुमच्या मुलीने तो पुन्हा उचलावा.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुटुंब कसं असतं, याबाबतीत हे चित्रपट धीट आहेत. कोजी सुझुकीच्या 1991 च्या 'रिंग' कादंबरीत, पाहणाऱ्याचा जीव घेणाऱ्या शापित व्हिडिओ टेपचा माग काढणारा पत्रकार बायको-मुलगी असलेला पुरुष होता. नाकाताच्या 1998 च्या 'रिंगू'त त्या जागी घटस्फोट झालेली, मुलाला एकटीने वाढवणारी पत्रकार बाई आली. एकट्या आईला गोष्टीच्या मधोमध आणणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्याच कादंबरीतली सादाको, म्हणजे त्या टेपमागचं भूत, शरीराने स्त्री-पुरुष अशा दोन खणांत न बसणारी होती, आणि चित्रपटात येताना ते गळून गेलं. एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर ठेवलं गेलं. चेहऱ्यांच्या बाबतीत तर या घरांची दारं जवळजवळ बंदच आहेत. मी पाहिलेल्या या घरांत आयनू, म्हणजे उत्तर जपानच्या मूळ रहिवासी समाजातली, आजी नाही, ओकिनावाचा जावई नाही, पिढ्यान्‌पिढ्या जपानमध्ये राहणारं कोरियन वंशाचं कुटुंब नाही, आणि निशिकासाइची मराठी मुलगी तर नाहीच. वर्गातल्या मुलांनी जे पाहिलं तेच ती पुन्हा रचताहेत. दुष्टपणा म्हणाल तर मला त्यात तो दिसत नाही. ज्यांनी असं घर कधी पाहिलंच नाही, त्यांना ते सुचणार कुठून?

खरं तर घर पडद्याबाहेर कधीच बदललंय. 2024 च्या अखेरीस जपानमध्ये साडेसदतीस लाखांहून जास्त परदेशी नागरिक राहत होते, म्हणजे शंभरात तीन. तुमच्याच एदोगावा वॉर्डात 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. वडील भारतीय असलेली प्रियांका योशिकावा 2016 साली मिस वर्ल्ड जपान झाली. त्याच्या आदल्या वर्षी आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली तेव्हा "ही जपानी दिसत नाही" म्हणून केवढी टीका झाली होती. माणसं असतात, पण 'दिसत नाहीत'. यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. 9 जुलै 2012 पर्यंत परदेशी नागरिकांची नोंद जपानी रहिवाशांच्या नोंदवहीत होतच नसे, ती वेगळ्या वहीत होई. म्हणजे जपानी बाई आणि परदेशी नवरा एका छताखाली संसार करत असले, तरी घराच्या दाखल्यावर तो घरातला माणूस म्हणून धरला जात नसे. कागदावर ती बाई मुलांसह एकटी. घरात चालणारा-बोलणारा, दाखल्यात नसलेला माणूस! तुमच्या मुलीच्या वर्गाला भयपटासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा, इतका तो खरा आहे.

वर्गाशी बोलताना तिच्या उपयोगी पडेल असं एक उदाहरणही देते. 'जु-ऑन'ची हॉलीवूड आवृत्ती 'द ग्रज' 2004 साली आली. दिग्दर्शक तेच शिमिझू, शहर टोकियोच, कायाको आणि तोशिओ करणारे कलाकारही तेच जपानी. पण मूळ चित्रपटात त्या घरात म्हातारीची काळजी घ्यायला जाणारी रिका जपानी होती, तिच्या जागी अमेरिकन तरुणी आली. त्या घरात राहायला येणारं कुटुंब अमेरिकन झालं. प्रेमात पडणारे, घाबरणारे, ज्यांच्यासाठी आपला जीव वरखाली होतो ते बहुतेक अमेरिकन, आणि टोकियोतल्या घरातलं भूत तेवढं जपानी राहिलं. हे चित्र तिच्या मित्रमैत्रिणींसमोर ठेवलं तर त्यांना पटकन कळेल, कारण इथे बाहेर ठेवलेले ते स्वतः आहेत. कॅमेरा ज्याच्या हातात, घर त्याचं. त्यांच्या चित्रपटात कॅमेरा त्यांच्या हातात आहे.

आणि ताई, हे फक्त परदेशात होतं असं मनात धरू नका. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक सावळी, उंच मुलगी दरवर्षी राक्षसीण व्हायची. परी आणि सीता कोण होणार, हे रंगावरून आधीच ठरलेलं असे. ती उत्तम काम करायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. तिला एकदा तरी सीता व्हायचं होतं का, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, मीही नाही. आज तिची आठवण येते तेव्हा मला अपराधी वाटतं. हे पत्र वाचणाऱ्या, महाराष्ट्रातल्या शाळांत नाटकं बसवणाऱ्या शिक्षकांनी यंदा पात्रं वाटताना एकदा थांबून पाहावं, एवढी माझी विनंती आहे.

आता काय करायचं त्याकडे येते.

सगळ्यात आधी 'बेत्सुनी'. मुलं हा शब्द दार लोटावं तसा वापरतात, पण त्याला कडी नसते. "तुझा अपमान झाला ना?" असं विचारू नका, त्याला 'हो' म्हणणं म्हणजे मित्रांना दोषी ठरवणं, आणि तिला त्याच वर्गात रोज बसायचंय. रात्री भांडी आवरताना, समोरासमोर नसताना विचारा, "धाकट्या बहिणीचे कुठले संवाद तुला आवडले होते?" ती ते म्हणून दाखवेल. तिला ते काम किती हवं होतं, हे तिच्या आवाजावरून कळेल. कदाचित उलटही कळेल, की आता तिला भूतच जास्त आवडायला लागलंय. तसं असेल तर ते मान्य करा. लागलेलं तुमचं असेल आणि तिचं नसेल, हेही शक्य आहे.

तिला चित्रपटातून काढून घेऊ नका. तुम्ही काढलंत तर ती घराबाहेरही राहील आणि गोष्टीबाहेरही, आणि या वेळी दार आईने लावलेलं असेल.

मग तिला तीन वाटा दाखवा, निवड तिची. एक, धाकट्या बहिणीचं काम पुन्हा मागायचं. दोन मुली एकसारख्या दिसल्याच पाहिजेत असं गोष्टीत कुठे आहे? आईचं दुसरं लग्न असेल, वडील भारतीय असतील, मुलगी दत्तक असेल. नव्या घरात आलेल्या कुटुंबात आधीच एक अवघडलेपण असेल तर भय दुप्पट होतं, हे भयपट आवडणाऱ्या मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही. दोन, भूतच करायचं, पण त्याला नाव, कारण आणि चेहरा हवा. ती त्या कपाटात का आहे? कुणी कोंडलं? शेवटी केस बाजूला करून तिने घराकडे बघितलं पाहिजे. तीन, पटकथेच्या टेबलावर बसायचं. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण कोण घरातलं 'वाटतं' हे तिथे ठरतं.

एका सापळ्यापासून मात्र तिला सावध करा. मुलं उत्साहाने म्हणतील, "मग भुताला तुझ्या भाषेत काहीतरी बोलू दे, मस्त भीतिदायक वाटेल." मराठी वाक्य फक्त न कळणारं म्हणून, मंत्रासारखं भीती दाखवायला वापरलं, तर गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली. भुताला आईची आठवण येते म्हणून ती मराठीत अंगाई गुणगुणत असेल आणि प्रेक्षकांना त्याचा अर्थ कळत असेल, तर ती गोष्ट वेगळी.

शाळेत तुम्ही जावं का? जा, पण तिला विचारून, आणि तिने स्वतः वर्गात एकदा बोलून पाहिल्यानंतर. तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही. 'मॉन्स्टर पॅरेंट' हा शिक्का तिथे लागतो. पण तक्रार आणि सल्लामसलत यांत जपानी शाळा स्पष्ट फरक करते. वर्गशिक्षकांची वेळ आधी मागा आणि 'सोदान'साठी येतोय असं सांगा. सोदान म्हणजे विचारविनिमय, तिथे तुम्ही पाहुण्या नसता, बरोबरीच्या असता. मुलांची नावं घेऊ नका. काय बोललं गेलं ते शब्दशः सांगा, तिने काय केलं ते सांगा, आणि "पात्रं ठरवताना दिसण्यावरून ठरवू नये, याबद्दल वर्गात एकदा चर्चा घेता येईल का," एवढीच मागणी ठेवा. यजमानांना बरोबर न्या. गप्प बसा म्हणणारा माणूस त्या खोलीत बसला की पुष्कळदा त्यालाच बोलावंसं वाटतं.

आणि हे कधीच सोदानवर भागवू नका: तिच्या रंगावरून, केसांवरून नावं ठेवली जात असतील, तिला एकटं पाडलं जात असेल, तर तो इजिमे, म्हणजे मुलांनी मुलाचा केलेला छळ, आहे. 2013 च्या इजिमे-प्रतिबंध कायद्यात व्याख्या सहन करणाऱ्या मुलाच्या बाजूने केलेली आहे. मुलाला त्रास होतो का, हे पाहिलं जातं. करणाऱ्याचा हेतू काय होता, ते नाही. शाळेला त्याची दखल घ्यावीच लागते. तारखेसह लिहून ठेवत जा. जपानमध्ये किंवा अन्यत्र राहणाऱ्या इतर पालकांनीही ही नोंद ठेवण्याची सवय लावावी, कारण नंतर आठवून सांगणं मुलांना फार जड जातं.

राहिला प्रश्न केसांचा. तिने सांगितलं तर बांधून द्या, वाद घालू नका. पण त्याआधी एक दिवस तिला न्हाऊ द्या आणि केस मोकळे वाळू द्या. ओइवाच्या काळी बाईचे केस बांधलेले असत. ते सुटलेले दिसले की काहीतरी बिनसलंय हे प्रेक्षकांना कळे, भीती तिथून सुरू होई. केस सरळ असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. खोलीतला दिवा बारीक करा, तिला तुमच्याकडच्या भिंतीतल्या कपाटात बसवा, दार चार बोटं उघडं ठेवा, आणि मोबाइलवर शूटिंग करून तिच्या दिग्दर्शक मित्राला पाठवू द्या.